नेटवर्क प्रिंटर मध्येच काम घेईनासा होतो – तपासायचं कुठून?

मार्जिन_सोडून

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या नेटवर्क प्रिंटरबद्दल मदत हवी आहे. परिस्थिती अशी:

– ब्लॅक अँड व्हाइट लेझर, लॅन केबलने स्विचला जोडलेला. पत्ता प्रिंटरच्या पॅनलवरून हाताने दिलेला आहे: १९२.१६८.१.५०.
– नऊ विंडोज मशीन (काही १०, काही ११) आणि एक लिनक्स. प्रिंट सर्व्हर नाही, प्रत्येक मशीनवरून थेट प्रिंट जातं.
– मध्येच कधीतरी कामं रांगेत साचायला लागतात. काही मशीनवर 'एरर – प्रिंटिंग', काहींवर 'ऑफलाइन', लिनक्सवर 'पॉज्ड'.
– त्या वेळी प्रिंटरच्या पॅनलवर मात्र 'रेडी'. टेस्ट पेज निघतं, झेरॉक्स निघते.
– पिंगला उत्तर येतं, म्हणजे नेटवर्क ठीक असावं.
– प्रिंटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. काही तासांनी पुन्हा तेच. आणि बिघडतो तेव्हाही दोन-तीन मशीनवरून प्रिंट निघत राहतं, बाकीच्यांचं अडतं.
– दोन मशीनवर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फरक शून्य.

कोणत्या क्रमाने तपासावं? 'रोज सकाळी बंद-चालू करा' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

कागदकोंबडा

शेजारी नव्या प्रिंटरचं रिकामं खोकं आणून ठेवा. सवत दिसली की जुना मुकाट्याने चालतो.

रांगेतला_पाचवा

विनोद झाला असेल तर मुद्द्याचं.

कागद बाहेर येईपर्यंत काम चार टप्प्यांतून जातं: तुमचा प्रोग्रॅम, मशीनवरचा स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम), मधली वायर, आणि प्रिंटरच्या आतला मेंदू. कुठल्या टप्प्यावर अडलंय हे आधी ठरवा, मग हात लावा. बहुतेक लोक चारही टप्पे एकदम रीस्टार्ट करतात. प्रिंटर चालतो, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि ते परत येतं.

स्पूलर ओळखायला सोपा. विंडोजमध्ये सिस्टम३२ च्या आत 'स्पूल' आणि त्याच्या आत 'प्रिंटर्स' असा फोल्डर असतो. प्रत्येक कामाच्या तिथे साधारण दोन फाइल बनतात: एसपीएल (छापायचा मजकूर) आणि एसएचडी (कोणी पाठवलं, कुठे जायचंय वगैरे). काम पाठवल्यावर फाइल तयारच होत नसेल तर दोष प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा स्पूलरचा. फाइल आहे पण हलत नाही, तर पुढे वायरकडे बघायचं. फाइल आली आणि गेली, कागद मात्र नाही, तर डेटा बहुधा प्रिंटरपर्यंत पोचला आणि त्याने गिळला.

तुमच्याकडे एकाच वेळी बहुतेक मशीन अडतात, त्यामुळे स्पूलरवर संशय कमी. सगळ्यांचे स्पूलर एकदम रुसत नाहीत.

ड्रायव्हर_हवालदार

ड्रायव्हर नीट काढला होता का? नुसतं 'रिमूव्ह डिव्हाइस' केलं की ड्रायव्हरचं पॅकेज मागे राहतं आणि पुन्हा जोडताना तेच जुनं उचललं जातं. रनमध्ये 'प्रिंटयूआय /एस /टी२' दिलं की ड्रायव्हरची यादी उघडते, तिथून 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' निवडा. फाइल वापरात आहे म्हणाला तर आधी स्पूलर रीस्टार्ट करा.

रांगेतला_पाचवा

@ड्रायव्हर_हवालदार, पद्धत बरोबर, पण आजार हा नाही. प्रिंटर बंद-चालू केल्यावर सगळी मशीन चालतात म्हटल्यावर मशीनवरच्या ड्रायव्हरने काय घोडं मारलंय?

एक्क्याण्णवशे

धाग्यातलं सर्वांत फसवं वाक्य: 'पिंगला उत्तर येतं, म्हणजे नेटवर्क ठीक'.

पिंग एवढंच सांगतं की त्या पत्त्यावर *कोणीतरी* आहे. तो तुमचा प्रिंटर आहे हे सांगत नाही आणि तो छापायला तयार आहे हेही सांगत नाही. झोपेत गेलेल्या काही प्रिंटरचं नेटवर्क कार्ड पिंगला उत्तर देत राहतं, बाकी बोर्ड गाढ झोपेत असतो. आणखी एक गंमत म्हणजे विंडोजचं पिंग 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं स्वतःच्याच पत्त्यावरून आलेलं उत्तरही 'रिसीव्ह्ड'मध्ये मोजतं. शेवटी 'शून्य टक्के लॉस' दिसतो आणि माणूस खूश. प्रत्येक ओळ वाचा, उत्तर कुठल्या पत्त्यावरून आलंय ते बघा.

खरी परीक्षा पोर्टची, म्हणजे प्रिंटर ज्या ठरावीक क्रमांकाच्या दारातून काम घेतो त्याची. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० पोर्टवर कच्चा डेटा घेतात, एलपीआर आणि आयपीपी या छपाईच्या दुसऱ्या दोन पद्धती, त्या ५१५ आणि ६३१ वर. अडलेल्या मशीनवर पॉवरशेल उघडा: 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.५० -पोर्ट ९१००'. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर दार उघडं आहे, 'फॉल्स' आलं तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नका.

त्याच वेळी ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान यायला हवं. दुसऱ्याच यंत्राचं लॉगिन पान आलं तर... पुढे मी बोलत नाही, आधी करून बघा.

शाईचा_डाग

९१०० बद्दल एक भर. बरेच प्रिंटर या पोर्टवर एका वेळी एकच जोडणी धरतात. एखादा लॅपटॉप प्रिंट पाठवता पाठवता स्लीपमध्ये गेला किंवा त्याचं वायफाय तुटलं, की प्रिंटर त्याच्या उरलेल्या डेटाची वाट बघत बसतो आणि बाकीचे दाराबाहेर. प्रिंटर बंद-चालू केला की जोडणी तुटते आणि रांग सुटते. लक्षण धागाकर्तीच्या वर्णनाशी बरंच जुळतं.

संशयित मशीनवर 'नेटस्टॅट -एएनओ' द्या आणि प्रिंटरच्या पत्त्यापुढे ९१०० असलेली 'एस्टॅब्लिश्ड' ओळ शोधा. कोणी काही छापत नसताना ती ओळ टिकून असेल तर पकडलात चोर. उपाय प्रिंटरच्या वेबपानावर: 'आय/ओ टाइमआउट'. काही एचपी लेझरवर मूळ आकडा १५ सेकंदांचा असतो आणि ५ ते ३०० मध्ये बदलता येतो. कोणीतरी तो ३०० करून ठेवला असेल तर प्रत्येक तुटलेल्या कामामागे पाच मिनिटं सगळे ताटकळणार.

नेटवर्क तपासणारी सॉफ्टवेअरही याच पोर्टला धडका मारतात. म्हणूनच एनमॅप आवृत्ती ओळखण्याच्या स्कॅनमध्ये ९१०० ते ९१०७ हे पोर्ट आपणहून वगळतं. नाहीतर प्रिंटर त्या चौकश्याच कागदावर छापून मोकळा होतो.

एक्क्याण्णवशे

@शाईचा_डाग, शक्य आहे, पण मग 'दोन-तीन मशीनवरून प्रिंट निघत राहतं' हे कसं बसवणार? जोडणी एकाने अडवली तर बाकीचे *सगळे* अडतील. माझा संशय वेगळा आहे.

कागदकोंबडा

पुढच्या भागात क्रमशः लिहायचं राहिलं.

पेंग्विनवाडी

लिनक्सवाल्या मशीनबद्दल मी लिहितो, कारण तिथला 'पॉज्ड' हा मूळ आजार नाही, आजाराचा परिणाम आहे. मूळ दोष गेला तरी तो आपोआप जाणार नाही.

कप्समध्ये (लिनक्सची छपाई यंत्रणा) प्रत्येक रांगेला दोन वेगळे खटके असतात. एक, रांग नवीन काम *स्वीकारते* का. दोन, स्वीकारलेलं काम प्रिंटरकडे *पाठवते* का. 'एलपीस्टॅट -ए' पहिला दाखवतं, 'एलपीस्टॅट -पी' दुसरा. पहिला बंद असेल तर प्रिंट देतानाच नकार मिळतो. दुसरा बंद असेल तर काम गुपचूप साचत राहतं. चालू करायचे आदेशही वेगळे: पहिल्याला 'कप्सॲक्सेप्ट' आणि रांगेचं नाव, दुसऱ्याला 'कप्सएनेबल' आणि रांगेचं नाव. लोक एकच देतात आणि मग कप्सला शिव्या घालतात.

दुसरा खटका पडतो तो 'एरर पॉलिसी'मुळे. ती 'स्टॉप-प्रिंटर' असेल तर एका कामाला चूक आली की अख्खी रांग थांबते आणि माणूस येऊन सुरू करेपर्यंत थांबूनच राहते. ऑफिससाठी 'रिट्राय-जॉब' बरी: अडलेलं काम बाजूला ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न होतो, मागचे पुढे जातात. 'रिट्राय-करंट-जॉब' मध्ये तेच काम सुटेपर्यंत मागचे उभे. 'अबॉर्ट-जॉब' मध्ये काम फेकून दिलं जातं. ब्राउझरमधून लोकलहोस्टच्या ६३१ पोर्टवर गेलात की प्रिंटरच्या 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मध्ये हे बदलता येतं.

कारण बघायचं तर 'व्हार/लॉग/कप्स' मधली 'एरर_लॉग' फाइल. आधी 'कप्सक्टल --डीबग-लॉगिंग' द्या, नाहीतर त्यात फारसं काही सापडत नाही. काम झाल्यावर '--नो-डीबग-लॉगिंग' देऊन बंद करायला विसरू नका.

पोटमाळा

@पेंग्विनवाडी, वाचनखूण साठवली. स्वीकारणं आणि पाठवणं वेगळं असतं हे इतकं सरळ कुठे वाचलं नव्हतं.

टोनर_संपत_आला

विंडोजवर काही ठिकाणी 'ऑफलाइन' दिसतंय, त्याबद्दल. यात दोन वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं, पोर्टचा प्रकार. प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून 'पोर्ट्स' टॅब बघा. टिक केलेल्या पोर्टचं नाव 'डब्ल्यूएसडी'ने सुरू होत असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलाय. हा प्रकार मल्टिकास्टवर, म्हणजे अनेकांना एकदम पाठवलेल्या निरोपावर, चालतो (यूडीपी ३७०२), आणि तो निरोप अडला की चांगला चालू प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. ड्रायव्हर न काढता तिथेच 'ॲड पोर्ट > स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घ्या, पत्ता द्या. प्रकार ओळखता आला नाही तर 'जेनेरिक नेटवर्क कार्ड' निवडा, ते ९१०० वर कच्चा डेटा पाठवतं.

दुसरं, एसएनएमपी. स्टँडर्ड पोर्टवर 'कॉन्फिगर पोर्ट' दाबलं की खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी टिक दिसते आणि कम्युनिटी नेम (एक प्रकारचा परवलीचा शब्द) 'पब्लिक'. विंडोज यूडीपी १६१ वरून प्रिंटरची खुशाली विचारतं. उत्तर नाही आलं की 'ऑफलाइन' ठरवून मोकळं, मग ९१०० टकाटक उघडं असलं तरी काम पाठवत नाही. प्रिंटरवर सुरक्षेसाठी एसएनएमपी बंद केलं किंवा 'पब्लिक' हे नाव बदललं की हा घोळ होतोच.

टिक काढा, विषय संपला.

रांगेतला_पाचवा

@टोनर_संपत_आला, शेवटचं वाक्य सोडून सहमत. टिक काढली की कागद संपला, झाकण उघडं आहे वगैरे निरोप त्या पोर्टवरून विंडोजला कळणं थांबतं. दोन्हीकडे कम्युनिटी नेम जुळवणं जास्त बरं. प्रिंटरवर एसएनएमपी मुद्दामच बंद ठेवलं असेल तरच टिक काढावी.

टोनर_संपत_आला

कागद संपला हे कळायला विंडोज कशाला? ट्रे उघडून बघा ना.

रांगेतला_पाचवा

प्रिंटर दोन मजले खाली असला की कळेल.

नवखा_नाही

थोडं अवांतर. आमच्याकडे एका मशीनवरून शेअर केलेला प्रिंटर बाकीच्यांना जोडताच येत नाही, '०x०००००११बी' अशी एरर येते. हाच रोग का?

ड्रायव्हर_हवालदार

@नवखा_नाही, नाही, हा वेगळा. २०२१ मध्ये स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली भगदाडं सापडली आणि त्यानंतर छपाईची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक झाली. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर देणारं आणि घेणारं मशीन यांच्यातलं बोलणं एन्क्रिप्टेड असण्याची सक्ती आली. एक अपडेटेड, दुसरं जुनं असं असेल तर ही एरर येते. रजिस्ट्रीत 'आरपीसीऑथनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड' शून्य करा असा उपाय सगळीकडे फिरतो. चालतो, पण ज्या भोकासाठी ठिगळ लावलं तेच ठिगळ उसवायचा प्रकार आहे. दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करा. त्याहून सोपं: प्रिंटर नेटवर्कवर आहेच तर शेअरच्या भानगडीत न पडता प्रत्येक मशीनवरून थेट टीसीपी/आयपी पोर्टने जोडा.

रांगेतला_पाचवा

+१. या वेळी हवालदारांचा पहारा बरोबर जागी आहे.

मार्जिन_सोडून

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा अडला तेव्हा @एक्क्याण्णवशे यांनी सांगितलेलं केलं.

– अडलेल्या मशीनवरून ९१०० ची परीक्षा: फॉल्स. पिंग: उत्तर येतंय, प्रिंटरच्याच पत्त्यावरून.
– चालणाऱ्या मशीनवरून तीच परीक्षा: ट्रू.
– अडलेल्या मशीनवर ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर नुसतंच फिरत राहतं. चालणाऱ्या मशीनवर प्रिंटरचं पान उघडतं.
– नेटस्टॅटमध्ये अडकलेली जोडणी कुठेच नाही.
– पिंगच्या ओळीत चालणाऱ्या मशीनवर टीटीएल २५५ दिसतो, अडलेल्यावर ६४. याला काही अर्थ आहे का?

एक्क्याण्णवशे

अर्थ? हाच तर पुरावा!

टीटीएल म्हणजे निरोप अजून किती राउटर ओलांडू शकतो तो आकडा. त्याची सुरुवात उत्तर देणारं यंत्र ठरवतं. विंडोज १२८, लिनक्सच्या जातकुळीतली यंत्रं सहसा ६४, काही उपकरणं २५५. एकाच नेटवर्कमध्ये मध्ये राउटर नसताना तो घटत नाही. एकाच पत्त्यावरून दोन वेगळे टीटीएल, म्हणजे १९२.१६८.१.५० या नावाचे दोन जण तुमच्याकडे नांदताहेत.

पक्कं करायचं तर असं:

१. प्रिंटरवरून कॉन्फिगरेशन पेज छापा आणि त्यावरचा लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या.
२. प्रिंटरची लॅन केबल काढा.
३. अडलेल्या मशीनवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एआरपी -डी *' द्या. ही पायरी गाळू नका, नाहीतर जुनीच नोंद दिसेल.
४. पुन्हा पिंग करा. केबल काढलेली असताना उत्तर आलं तर ते प्रिंटरचं नाही हे उघड आहे.
५. 'एआरपी -ए' मध्ये त्या पत्त्यापुढचा मॅक बघा. तोच घुसखोर.

मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. पण दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोन किंवा लॅपटॉपने स्वतः बनवलेला तात्पुरता मॅक असतो, कंपनी शोधत बसू नका.

कागदकोंबडा

म्हणजे सवत आधीच घरात होती. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

पोटमाळा

हसून हसून पुरेवाट!

पण मग बंद-चालू केल्यावर चालायचा कसा? दोघं तेव्हाही होतेच की.

रांगेतला_पाचवा

@पोटमाळा, प्रत्येक मशीन 'हा पत्ता म्हणजे अमुक मॅक' अशी एक छोटी वही ठेवतं, तिला एआरपी टेबल म्हणतात. प्रिंटर चालू होताना बरेचदा सगळ्यांना आपणहून ओरडून सांगतो, '५० म्हणजे मी, हा माझा मॅक'. ज्यांच्या वहीत घुसखोराचं नाव होतं त्यांनी ते खोडून प्रिंटरचं लिहिलं. म्हणून सगळ्यांचं चालायला लागलं. पुढे वहीतली नोंद शिळी झाली की मशीन पुन्हा विचारतं, '५० कोण?' दोघं हात वर करतात. कोणाच्या वहीत कोणाचं नाव उरेल ते उत्तरांच्या क्रमावर. म्हणून काही चालतात, काही अडतात, आणि कोण अडेल हे दर वेळी बदलतं.

घुसखोर आला कुठून? प्रिंटरला पत्ता हाताने दिलाय, पण राउटरला ते माहीत नाही. त्याच्या डीएचसीपी पूलमध्ये (तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या साठ्यात) ५० येत असेल तर तो खुशाल दुसऱ्याला वाटून टाकतो. काही राउटर वाटण्याआधी पिंग करून बघतात, पण तेव्हा प्रिंटर बंद असला तर पत्ता मोकळाच दिसणार. विंडोज मिळालेला पत्ता आधीच वापरात असल्याचं दिसलं तर नाकारतं. कॅमेरे, टीव्ही बॉक्स, स्वस्तातली उपकरणं बहुधा ही सभ्यता पाळत नाहीत.

मार्जिन_सोडून

केबल काढूनही पिंगला उत्तर येतंय! मॅक प्रिंटरचा नाही. राउटरच्या यादीत तो मॅक गेटवरच्या कॅमेऱ्याचा निघाला. डीएचसीपी पूल आहे १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४, म्हणजे जवळजवळ सगळंच.

आता प्रिंटरचा पत्ता बदलू की राउटरमध्ये आरक्षण करू?

शाईचा_डाग

पूल आकसून १०० ते २०० करा. त्याखालचे पत्ते हाताने द्यायला मोकळे. प्रिंटर ५० वरच राहू दे, एकाही मशीनला हात लावावा लागणार नाही. पूल बदलल्यावर कॅमेरा रीस्टार्ट करा, नाहीतर लीज (मिळालेल्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत तो ५० धरून बसेल.

एक्क्याण्णवशे

मी आरक्षणाच्या बाजूने. प्रिंटर 'ऑटो / डीएचसीपी' वर ठेवायचा आणि राउटरमध्ये त्याचा मॅक ५० ला बांधायचा. सगळ्या पत्त्यांचा हिशेब एकाच जागी राहतो. उद्या राउटर बदलून नेटवर्क १९२.१६८.०.x झालं तर हाताने पत्ता दिलेला प्रिंटर जुन्याच गल्लीत उभा राहील आणि त्याचं वेबपानही उघडणार नाही, पॅनलवर बोटं झिजवा. आरक्षणवाला निदान नवा पत्ता तरी घेईल.

दोन सावधगिरी. लॅन आणि वायफायचे मॅक वेगळे असतात, केबलवर आहात तर लॅनचाच द्या. आणि काही राउटरना आरक्षण पूलच्या आतलंच लागतं, काहींना बाहेरचंही चालतं.

शाईचा_डाग

आणि राउटर रीसेट झाला की आरक्षणं पुसली जातात, प्रिंटरला भलताच पत्ता मिळतो आणि नऊ मशीन पुन्हा अनाथ. हाताने दिलेला पत्ता प्रिंटरच्याच पोटात राहतो.

रांगेतला_पाचवा

दोन्ही करा: पूल आकसा, राउटरला चालत असेल तर ५० चं आरक्षणही ठेवा, म्हणजे यादीत नाव दिसत राहील. आणि पत्ता, मॅक, गेटवे छापलेलं कॉन्फिगरेशन पेज प्रिंटरच्या ट्रेखाली ठेवा. प्रिंटरचा पत्ता फक्त राउटरच्या पानावर असणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे.

मार्जिन_सोडून

पूल १०० ते २०० केला, कॅमेरा रीस्टार्ट केला, त्याला १०३ मिळाला. 'एआरपी -डी *' सगळीकडे दिलं. सात विंडोज मशीन लगेच चालली. लिनक्सवर 'कप्सएनेबल' दिल्यावर साचलेली सगळी कामं एकदम बाहेर पडली. एरर पॉलिसीही बदलली.

दोन विंडोज ११ मशीन अजून 'ऑफलाइन'. त्यांवरून ९१०० ची परीक्षा 'ट्रू' येते.

टोनर_संपत_आला

परीक्षा ट्रू आणि तरी ऑफलाइन, म्हणजे माझा वरचा प्रतिसाद. आधी पोर्टचं नाव बघा, मग एसएनएमपी. शिवाय रांगेच्या मेनूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर चुकून टिक नाही ना तेही बघा.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलेली दोन मशीन हीच का?

मार्जिन_सोडून

हो, हीच! दोन्हींवर डब्ल्यूएसडी पोर्ट. स्टँडर्ड पोर्ट करून दिला, चालली. एका मशीनवर मात्र एक जुनं काम 'डिलीटिंग' दाखवत अडून बसलंय आणि मागचं हलत नाही.

रांगेतला_पाचवा

पुन्हा जोडताना विंडोजने आपल्या मर्जीने डब्ल्यूएसडी निवडलं असणार.

'डिलीटिंग' साठी: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट स्टॉप स्पूलर'. 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या *फाइल* पुसा, फोल्डर पुसू नका. मग 'नेट स्टार्ट स्पूलर'. त्या मशीनवरची सगळ्याच प्रिंटरची अडलेली कामं जातील, त्यामुळे आधी विचारा. बरेचदा नुसत्या थांबवून-सुरू करण्यानेही काम निघून जातं, ते आधी करा.

पोटमाळा

ती फाइल पुसून, सगळं नव्याने सुरू करूनही पुन्हा तिथेच अडलं तर?

शाईचा_डाग

@पोटमाळा, मग दोष कामातच. एखादी वाकडी पीडीएफ प्रिंटरच्या मेंदूला झेपत नाही. काही एचपीवर तेव्हा ४९ ने सुरू होणारी एरर येते, आणि बंद-चालू केलं तरी परत येते, कारण मशीन तेच काम पुन्हा पाठवतं. लॅन केबल काढून प्रिंटर चालू करा. 'रेडी' आला तर प्रिंटर निर्दोष. सगळ्या मशीनवरून ते काम काढा, मग केबल लावा. तीच पीडीएफ हवी असेल तर 'प्रिंट ॲज इमेज' करून पाठवा किंवा पीसीएल ऐवजी पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरने (किंवा उलट; या प्रिंटरच्या दोन भाषा) पाठवून बघा. केबल काढूनही एरर आली तर फर्मवेअर किंवा बोर्ड, तिथे तंत्रज्ञ बोलवा.

ड्रायव्हर_हवालदार

एक विचारतो, ९१०० सोडून सगळं आयपीपीवर का नेत नाही? कच्च्या पोर्टवर डेटा ढकलला की मशीन म्हणतं 'प्रिंट झालं'. इव्हेंट व्ह्यूअरच्या प्रिंटसर्व्हिस ऑपरेशनल लॉगमधली ३०७ नंबरची नोंदही (हा लॉग मुळात बंद असतो, चालू करावा लागतो) तेवढंच सांगते, कागद निघाल्याचं नाही. आयपीपीत प्रिंटर कामाला नंबर देतो आणि काम कुठवर आलं ते कळवतो.

एक्क्याण्णवशे

नवीन प्रिंटर असेल तर जरूर. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आलाय, तो लावला की आयपीपीच चालतं, कंपन्यांचे ड्रायव्हर बाद. वारा तिकडेच वाहतोय. पण जुन्या यंत्रांचं आयपीपी अर्धवट असतं: दोन्ही बाजूंनी छपाई गायब, ट्रे निवडता येत नाही. आधी एका मशीनवर लावून दोन्ही बाजू, दोन्ही ट्रे आणि एक जड पीडीएफ छापून बघा, मग बाकीची हलवा.

नवखा_नाही

थेट पोर्टने जोडला, ११बी गेली. आता नवीनच: मोठ्या कॉपियरवर काम जातं, रांगेतून नाहीसं होतं, कॉपियरचा दिवा लुकलुकतो आणि कागद काही येत नाही. एरर कुठेच नाही.

टोनर_संपत_आला

कॉपियरवर विभागवार हिशेब चालू आहे का बघा. तो चालू असताना ड्रायव्हरमध्ये युजर कोड भरलेला नसेल तर बरेच कॉपियर काम घेतात आणि न बोलता टाकून देतात. पॅनलवर जॉब लिस्ट उघडा, झालेल्या कामांच्या यादीत 'कॅन्सल्ड' दिसेल. ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड भरा. थेट जोडताना सेटिंग नव्याने बनली, तेव्हा तो कोड राहिला असेल.

कोड असूनही तसंच झालं तर कागदाचा आकार बघा. काम 'लेटर'चं आणि ट्रेमध्ये ए४ असेल तर काही यंत्रं पॅनलवर बारीक अक्षरात कागद मागत उभी राहतात. पण तेव्हा काम यादीत 'वेटिंग' दिसतं, नाहीसं होत नाही.

नवखा_नाही

यादीत 'कॅन्सल्ड'च आहे. कोड कोणाकडे असतो?

कागदकोंबडा

जो सध्या रजेवर आहे त्याच्याकडे.